लेबलांचं बहुमत घेताय? या चुका टाळा

मराठी कॉमेंट्स ‘आक्षेपार्ह’ आणि ‘चालेल’ अशा दोन गटांत लावायच्या असल्या की प्रत्येक कॉमेंट तिघांना दाखवायची आणि बहुमत घेऊन मोकळं व्हायचं, ही सर्रास पद्धत. घोळ इथेच सुरू होतो.

समजा, १०० पैकी १० कॉमेंट्सच खरोखर आक्षेपार्ह आहेत. ‘अ’ आणि ‘ब’ जरा हळवे: आक्षेपार्ह कॉमेंट्सपैकी ९० टक्के पकडतात, पण साध्यांपैकीही ४० टक्के अडकवतात. ‘क’सुद्धा ९० टक्के पकडतो, साध्या मात्र ५ टक्केच अडकवतो. आता एका कॉमेंटवर अ, ब म्हणाले ‘आक्षेपार्ह’, क म्हणाला ‘चालेल’. आक्षेपार्ह असण्याचं पारडं ०.१ × ०.९ × ०.९ × ०.१ = ०.००८१, नसण्याचं ०.९ × ०.४ × ०.४ × ०.९५ = ०.१३६८. म्हणजे बहुमत ज्या बाजूला, तिची शक्यता जेमतेम साडेपाच टक्के!

खरं उत्तर हातात नसताना या टक्केवाऱ्या आणायच्या कुठून? डेविड आणि स्कीन या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ साली यावर मॉडेल दिलं. त्यांच्यापुढे कॉमेंट्स नव्हत्या, भूलतज्ज्ञांनी रुग्णांना दिलेल्या श्रेणी होत्या. आधी गटांचा अंदाज, त्यावरून प्रत्येकाच्या चुकांचा तक्ता, त्यावरून पुन्हा गट, असं आकडे स्थिरावेपर्यंत. सुरुवात मात्र बहुमतापासूनच करा. कसेही आकडे टाकलेत तर कधीकधी दोन्ही गटांची अदलाबदल होते आणि ‘चालेल’ वाल्या कॉमेंट्स निमूटपणे आक्षेपार्ह ठरतात. एखाद्याने मोजकीच लेबलं लावली असतील तर त्याच्या तक्त्यात शून्य येतं, आणि एक शून्य बाकीच्यांची मतं गिळून टाकतं. प्रत्येक खान्यात थोडी भर घाला.

‘८५ टक्के एकमत झालं’ म्हणून खूश होणारेही बरेच. दोघांनीही ९० टक्के वेळा ‘चालेल’ म्हटलं असेल तर ८२ टक्के एकमत निव्वळ योगायोगानेच होतं. योगायोग वगळून एकमत मोजणारा आकडा, म्हणजे कोहेनचा ‘कप्पा’ (kappa), काढा: अवघा ०.१७.

सगळ्यात चिवट अडचण उपरोधाची. ‘वा, काय रस्ते बांधलेत!’ ही तक्रार की कौतुक, असं विचारलं तर घाईत वाचणारे सगळे एकदमच फसतात. मॉडेल मात्र प्रत्येकाची चूक स्वतंत्र धरतं, त्यामुळे चुकीच्या उत्तरावर ९९ टक्के खात्री दाखवतं. अशा वेळी वाक्यागणिक अवघडपणाचा आकडा मॉडेलमध्ये घालावा लागतो. आणि लेबल लावणाऱ्यांना एका टेबलावर बसवून चर्चा करू देऊ नका. मग तीन मतं राहतच नाहीत.