नाशिकच्या मैदानातून मेजर लीगच्या स्काउटपर्यंत: तरुण पिचर घडवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

मेजर लीग बेसबॉल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगचे संघ परदेशातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर एवढा खर्च का करतात, हे आधी नीट समजून घ्यावे. पुढची सारी तयारी त्यावरच ठरते. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिको येथील नवोदितांची निवड ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून होते, तर उरलेल्या जगातील खेळाडूंशी संघ थेट करार करतात. परदेशातील व्यावसायिक लीगमध्ये किमान सहा हंगाम खेळलेला आणि पंचवीस वर्षे पूर्ण केलेला खेळाडू खुल्या बाजारात वाटेल ती किंमत मागू शकतो. त्याहून लहान खेळाडूंसाठी मात्र प्रत्येक संघाला करारावर सही करताना द्यायच्या बोनसची वर्षाकाठी ठरावीक मर्यादा असते आणि २०२५ मध्ये ती ढोबळमानाने ५० ते ७५ लाख डॉलर्सच्या दरम्यान होती. जपानचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) योशिनोबू यामामोतो पंचविशी पूर्ण करून आला, तेव्हा लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याच्याशी डिसेंबर २०२३ मध्ये १२ वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर्सचा करार केला. त्याच डॉजर्सना रोकी सासाकी हा तेवीस वर्षांचा, तितकीच चर्चा असलेला पिचर जानेवारी २०२५ मध्ये अवघ्या ६५ लाख डॉलर्सच्या बोनसवर मिळाला. कोवळ्या वयातला हात स्वस्त पडतो आणि त्याला हवे तसे घडवता येते, हे संघांचे साधे गणित आहे.

आपल्या दृष्टीने याच नियमावलीतली एक बारीक तरतूद अधिक महत्त्वाची ठरते. १० हजार डॉलर्सपर्यंतचा बोनस त्या वार्षिक मर्यादेत धरला जात नाही. त्यामुळे ज्याने बेसबॉल फारसा खेळलेला नाही, पण ज्याच्या हातात वेग आहे, अशा अनोळखी मुलावर संघाला फारशी जोखीम न घेता डाव लावता येतो. नाशिकच्या मुलासाठी खरा दरवाजा हाच आहे, असे माझे मत आहे. पालकांनी कोट्यवधींच्या बातम्या बाजूला ठेवून या दरवाजाच्या मापाने तयारी करावी.

मुलगा कुठे शोधावा

बहुतेक प्रशिक्षक सर्वप्रथम वेगवान गोलंदाजाकडे वळतात. ही दिशा पुष्कळदा फसवी ठरते. गोलंदाजाला वर्षानुवर्षे कोपर न वाकवण्याची सवय लावलेली असते. पिचरचा वेग मात्र वाकलेले कोपर, मागे झुकणारा खांदा आणि त्यांच्या आधी फिरणारी कंबर यांच्या साखळीतून येतो, आणि धावत येण्याची मुभा नसल्यामुळे हा सारा जोर एका पावलात उभा करावा लागतो. त्यामुळे गोलंदाजाला आधीचे विसरून नवे शिकावे लागते आणि त्यात दोनेक वर्षे सहज निघून जातात. याउलट भालाफेक करणाऱ्या मुलाची हालचाल पिचिंगच्या पुष्कळ जवळची असते. २००८ मध्ये भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या शोधस्पर्धेतून पुढे आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघेही उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू होते, हा योगायोग मानू नये. त्यांनी अमेरिकेत टॉम हाउस या नामांकित पिचिंग प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला.

म्हणून जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धा भरतात तेव्हा भालाफेकीच्या पट्ट्याजवळ उभे राहावे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आश्रमशाळांच्या संघांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिथल्या मुलांना शिकवणी नसली तरी चपळाई आणि दम असतो. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर किंवा गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत गोलंदाजाऐवजी सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक पाहावा. डीप मिडविकेटवरून यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये टप्पा न पडता सपाट फेक टाकणारा मुलगा दिसला, की त्याचे नाव लिहून घ्यावे. आपल्याकडे सॉफ्टबॉलची परंपरा मोठी आहे. त्या खेळातले पिचिंग खांद्याखालून होत असल्यामुळे सॉफ्टबॉलचा पिचर आपल्या कामाचा नसतो, पण थर्ड बेस किंवा शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागांवरून फर्स्ट बेसकडे कडक फेक करणारा मुलगा जरूर कामाचा असतो.

डावखुरा मुलगा दिसला तर इतर निकष थोडे सैल करावेत. चांगल्या डावखुऱ्या पिचरची संघांना कायम चणचण असते.

वेग कसा मोजावा

मेजर लीगमधील फास्टबॉलचा, म्हणजे पूर्ण जोराने टाकलेल्या चेंडूचा सरासरी वेग ताशी ९४ मैलांच्या, म्हणजे साधारण १५१ किलोमीटरच्या आसपास असतो. रिंकू सिंगने ती स्पर्धा ताशी ८७ मैलांच्या, म्हणजे १४० किलोमीटरच्या फेकीवर जिंकली होती. सोळा वर्षांच्या मुलाने आज १२५ ते १३० किलोमीटर गाठले आणि त्याची उंची, हाताची लांबी व खांद्याची लवचीकता पाहून अजून वाढ बाकी आहे असे वाटले, तर पुढे जाण्यास हरकत नाही. स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस, आजचा वेग पाहतो, त्याहून अधिक तो पुढच्या चार वर्षांतील वाढीचा अंदाज बांधतो. त्याची गुणपद्धती २० ते ८० अशी असते, त्यात ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, आणि प्रत्येक गुणाला आजचा व भविष्यातला असे दोन आकडे दिले जातात.

रडार गन नसेल तर मोबाइलवर काम भागते. पिचर जिला पाय टेकवून फेकतो ती पट्टी ते फलंदाजाजवळची होम प्लेट हे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर असते, जे क्रिकेटच्या २०.१२ मीटरच्या खेळपट्टीपेक्षा थोडे कमी आहे. हे अंतर टेपने मोजून प्लेटच्या जागी जाळी बांधावी. पाऊल पुढे पडत असल्यामुळे चेंडू पट्टीच्या पुढे सुमारे १.८ मीटरवर हातातून सुटतो, म्हणजे प्रत्यक्ष प्रवास १६.६ मीटरच्या आसपास होतो. मोबाइल तिवईवर बाजूला असा लावावा की हात आणि जाळी दोन्ही चौकटीत येतील, आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या गतीने चित्रण करावे. चेंडू सुटल्यापासून जाळीला लागेपर्यंत १२० फ्रेम मोजल्या गेल्या, तर अर्धा सेकंद झाला आणि सरासरी वेग ताशी १२० किलोमीटरच्या घरात आला. हवेच्या विरोधामुळे चेंडू वाटेत मंदावतो, म्हणून हातातून सुटतानाचा वेग याहून चार-पाच टक्के अधिक धरावा. फेक बेसबॉलच्याच चेंडूने घ्यावी. त्याचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम असते, तर क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असल्याने त्यावरून काढलेला आकडा दिशाभूल करतो.

पिचर उभा राहतो ती माउंड (मातीचा उंचवटा) होम प्लेटपेक्षा १० इंच उंच असते, आणि सपाट जमिनीवर सराव केलेला मुलगा पहिल्यांदा तिच्यावर चढला की त्याचा तोल हमखास जातो. आपल्या काळ्या मातीची माउंड उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पायाला चिकटते, त्यामुळे मुरूम आणि लाल माती यांचा थर देऊन ती धुमसून बसवावी. अन्यथा सुताराकडून जाड प्लायवुडची हलवता येणारी माउंड करून घेऊन वर काथ्याची चटई ठोकावी. पट्टीपुढे ६ इंच सपाट जागा सोडून त्यानंतर दर फुटाला १ इंच असा उतार द्यावा, एवढे सुताराला सांगितले की पुरते.

हात जपणे

येथे मी अधिक आग्रही आहे, कारण आपल्याकडे गुणी मुलाचा हात बहुधा प्रशिक्षकाच्या हौसेपायीच जातो. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला तर जी शस्त्रक्रिया करावी लागते, ती टॉमी जॉन या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये प्रथम केली आणि तिला त्याचेच नाव पडले. त्यातून सावरून पुन्हा सामन्यात उतरायला वर्षाहून अधिक काळ लागतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी आखून दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त पिच (पिचरच्या फेकी) टाकू नयेत. ३१ ते ४५ पिच झाल्या तर एक दिवस, ४६ ते ६० झाल्या तर दोन, ६१ ते ७५ झाल्या तर तीन आणि ७६ च्या वर गेल्या तर चार दिवस विश्रांती द्यावी. हा हिशेब वहीत तारखेसह लिहून ठेवावा. ज्या रविवारी मुलाने पिचिंग केले, त्याच दुपारी त्याने टेनिस बॉलच्या स्पर्धेत चार षटके टाकली, तर वहीतला हिशेब निरर्थक ठरतो. त्यामुळे मित्रमंडळींच्या स्पर्धांना सरळ नकार द्यावा लागेल आणि तो नकार पालकांनी द्यावा, मुलावर सोपवू नये.

त्याच मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षातले किमान चार महिने सामन्यातील पिचिंग बंद असावे आणि त्यातले सलग दोन ते तीन महिने खांद्यावरून कोणतीही फेक होऊ नये. नाशिकचा पावसाळा यासाठी सोयीचा आहे. जून ते सप्टेंबर मैदाने तशीही चिखलात असतात. तेव्हा पाय, कंबर आणि पाठीचा व्यायाम करून घ्यावा. पिच शिकवण्याचा क्रम आधी फास्टबॉल, मग चेंजअप (तशाच हालचालीने टाकलेला संथ चेंडू) असा ठेवावा आणि ते दोन्ही हुकमी पडू लागल्यावरच कर्व्हबॉलला (वळत खाली पडणाऱ्या चेंडूला) हात घालावा. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मुले नेमका उलटा क्रम धरतात.

जन्मतारीख आणि कागदपत्रे

परदेशी खेळाडूच्या वयाची तपासणी लीग अत्यंत कसून करते आणि त्याला कारणेही तशीच आहेत. २००६ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने डॉमिनिकन रिपब्लिकमधील एस्मायलिन गोन्झालेस या सोळा वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या खेळाडूला १४ लाख डॉलर्स दिले. तो प्रत्यक्षात चार वर्षांनी मोठा होता आणि त्याचे नावही वेगळेच होते, हे २००९ मध्ये उघड झाले. करारासाठी मुलाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी त्याला १७ वर्षे पूर्ण होणार असली पाहिजेत. करारांचा काळ १५ जानेवारीला उघडतो आणि १५ डिसेंबरला संपतो. वयाने याहून मोठ्या मुलालाही करार मिळू शकतो, पण वर्ष वाढले की त्याचे मोल घटत जाते.

आता आपल्याकडची अडचण पाहावी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख टाकलेली मुले ग्रामीण भागात आजही भेटतात. जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी आणि आधार कार्डावर तिसरी, असा प्रकार असेल तर परदेशी तपासनीस त्याकडे भाबडेपणा म्हणून पाहणार नाही, त्याला लबाडीचाच संशय येईल. म्हणून मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतानाच महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला काढावा. जन्माची नोंदच झाली नसेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार विलंबित नोंदणीची रीतसर प्रक्रिया करावी. त्यानंतर दाखल्याबरहुकूम शाळेच्या नोंदी आणि आधार दुरुस्त करून घ्यावेत आणि मगच पासपोर्टसाठी अर्ज करावा. दहावीच्या प्रमाणपत्रावर चुकीची तारीख छापली गेली की ती बदलताना फार दमछाक होते, त्यामुळे हे काम नववीतच उरकावे. नावाचे स्पेलिंगही सर्वत्र एकच ठेवावे.

मध्यस्थ आणि करार

लॅटिन अमेरिकेत बुस्कोन म्हणून ओळखले जाणारे प्रशिक्षक-मध्यस्थ बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सांभाळतात, घडवतात आणि बोनसमधला मोठा वाटा घेतात. वयात येण्याआधीच तोंडी सौदे ठरवणे नियमबाह्य असूनही चालते. परदेशी खेळाडूंच्या करारांत नियम डावलल्याबद्दल २०१७ मध्ये अटलांटा ब्रेव्हजच्या हातून करारबद्ध केलेले १३ खेळाडू काढून घेण्यात आले. आपल्याकडे असे मध्यस्थ अद्याप नाहीत, परंतु ‘अमेरिकेत ट्रायल लावून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणारे निघू शकतात. ज्या मुलात संघाला रस असतो, त्याच्यासाठी संघ स्वतः पैसे मोजतो, एवढी एकच कसोटी लावावी आणि पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

अमेरिकी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर जाणे हा दुसरा मार्ग आहे. तिथे प्रवेश घेतला की मुलगा परदेशी करारांच्या नियमांतून बाहेर पडून ड्राफ्टच्या नियमांत येतो. इंग्रजी आणि गुण चांगले असतील तर मध्यमवर्गीय घरासाठी हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

करार समोर आलाच, तर बोनसच्या आकड्यावर थांबू नये. करारानंतर मुलगा थेट मोठ्या मैदानावर जात नाही. तो डॉमिनिकन समर लीगमध्ये किंवा ॲरिझोना-फ्लॉरिडातील कॉम्प्लेक्स लीगमध्ये, म्हणजे नवोदितांच्या सर्वांत खालच्या पायरीवर सुरुवात करतो आणि पुढे चार पायऱ्या चढल्यावर मेजर लीग येते. निम्म्याहून अधिक मुले त्या पायऱ्यांवरच गळतात. दिनेश पटेलला पायरेट्सने २०१० मध्येच मुक्त केले. २०२३ च्या कामगार करारानुसार अमेरिकेतील कॉम्प्लेक्स लीगमध्ये किमान वार्षिक वेतन १९,८०० डॉलर्स ठरले, मात्र डॉमिनिकन समर लीगचे खेळाडू त्या करारात येत नाहीत. म्हणून मुलगा कुठे पाठवला जाणार, हे आधी विचारावे. संघ त्याला किती वर्षे बांधून ठेवणार, हेही पाहावे. एकोणीस वर्षे पूर्ण झाल्यावर सही करणाऱ्यांसाठी हा काळ सात वर्षांवरून सहावर आला आहे. शिक्षणाचा खर्च, दुखापतीवरील उपचार आणि परतीचे तिकीट या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात आणि इंग्रजी करार जाणणाऱ्या वकिलाकडून त्या वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. दहावी झालेल्या मुलाचे बारावीचे काय करायचे, हेही त्याच बैठकीत ठरवावे. नियमित कनिष्ठ महाविद्यालय शक्य नसेल तर बाहेरून परीक्षा देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरण्याची मुदत कधी संपते, याची चौकशी विमानाचे तिकीट काढण्याआधी करावी.