छोटा लॅपटॉप 'हलका' करायला निघालात? आधी या चुका टाळा

अमळनेरला माझं रिपेअरिंगचं टेबल आहे. टेबलच म्हणायचं, दुकान म्हणावं एवढी जागा नाही. दिवसाआड एखादा तरी अकरा इंची, चार जीबी रॅमचा लॅपटॉप बगलेत मारून येतो आणि बसायच्या आधीच विचारतो, "भाऊ, याच्यावर कोणती हलकी विंडोज टाकू?" दुखतंय काय ते सांगायचं नाही, डायरेक्ट औषधाचं नाव विचारायचं. मी म्हणतो, "काय व्हयनं ते तं सांग पहिले."

उत्तर ठरलेलं असतं: "स्लो झाला."

स्लो म्हणजे काय रे बाबा? चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात? का चालू होतो झटकन, पण क्रोममध्ये पाच-सहा टॅब उघडले की अडकतो? का सकाळी बरा असतो आणि दुपारनंतर मान टाकतो? ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिलं बहुतेक वेळा डिस्कचं, दुसरं रॅमचं, तिसरं गरमीचं. ओएस, म्हणजे विंडोज-लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम, बदलून दुसऱ्याला चांगला उतार पडतो, पहिल्याला थोडाफार. तिसऱ्याला काडीचा फरक पडत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, स्वतःचं हसं करून घेऊन शिकलोय.

धरणगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या मुनीमजींचा लॅपटॉप होता. प्रोसेसर सेलेरॉन १००७यू, दोन कोअर, दीड गिगाहर्ट्झ, टर्बो वगैरे लाड नाहीत. रॅम चार जीबी, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) मीच वर्षभरापूर्वी बसवलेली. तक्रार अशी की एक्सेलमध्ये आकडा टाकला की दोन सेकंदांनी उमटतो. मी मोठ्या ऐटीत विंडोज १० नव्याने टाकून दिली. आठ दिवसांनी परत. मग म्हटलं विंडोजच जड होतेय, लिनक्स मिंट या फुकट ओएसची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली, एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस शिकवलं. मुनीमजींनी तेही गोड मानून घेतलं. चौथ्या दिवशी परत. मग लुबंटू, तेही हलकं लिनक्सच. जानेवारीतली थंडी होती, मी कानटोपी घालून बसलेलो, आणि लॅपटॉपच्या खालच्या बाजूला हात लागला तर तव्यासारखी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

लिनक्सवर सेन्सर्सची कमांड मारून पाहिली: ९६ अंश. प्रोसेसर दीड गिगाहर्ट्झवरून ८०० मेगाहर्ट्झवर उतरून बसलेला. जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. तळाचे स्क्रू काढले. पंखा आणि त्याच्या पुढची तांब्याची जाळी यांच्यामध्ये कापसाची अशी घट्ट वडी बसलेली की चिमट्याने अख्खी उचलून आली, गोधडीत भरतात तशी. दिवाळीपासूनचा हंगाम, जिनिंगच्या हॉलला लागूनच ऑफिस, हवेत सगळी लव. ती काढली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली. पाऊण तासाचं काम. त्या पाऊण तासासाठी मी तीन ओएस टाकल्या होत्या आणि म्हाताऱ्या माणसाला चार खेपा घालायला लावल्या होत्या. पैसे पंख्याच्या सफाईचेच घेतले, बाकीचे मागायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय अशी. लॅपटॉप गार असताना चालू करायचा, टास्क मॅनेजर उघडायचा आणि चहा सांगायचा. चहा संपेपर्यंत माउसला हात नाही, कारण विंडोज चालू झाल्यावर काही वेळ तिचीच आतली कामं उरकत असते. त्यानंतरही डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरच चिकटलेला असेल आणि आत ५४०० आरपीएमची फिरती हार्ड डिस्क असेल, तर मी ओएसची चर्चाच करत नाही. आधी एसएसडी. गिऱ्हाईक म्हणतं, "सॉफ्टवेअरनेच काही करा ना." नाही होत. मेमरी भरलेली दिसली तर ओएसचा विचार. आणि दोन्ही मोकळे असून लॅपटॉप कुथत असेल, तर खाली हात लावून बघायचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. त्या दिवसांत पत्र्याखाली, गादीवर ठेवून चालवलेला बिनपंख्याचा छोटा लॅपटॉप मंद पडला तर दोष विंडोजचा नाही. मी स्वतः मे महिन्यात इन्स्टॉलेशनची कामं संध्याकाळी पाचनंतरच घेतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक: 'लाइट' विंडोज.

चोपड्याकडचा एक पोरगा आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लॅपटॉप सेलेरॉन एन४०२०, रॅम चार जीबी, स्टोरेज ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डवरच बसवलेली छोटी मेमरी). व्हिडिओ बघून त्याने कुणीतरी छाटून-कापून बनवलेली विंडोज उतरवली आणि टाकली. खोटं कशाला बोला, पळाली. वीस सेकंदांत डेस्कटॉप. दोन दिवस पोरगं खूश, मित्रांना वाटत सुटलं. तिसऱ्या दिवशी केंद्रात ई-केवायसीला रांग लागली, आणि याचा फोन: "भाऊ, अंगठाच लेत नही!"

अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, सुरूच होईना. पठ्ठ्याने काय करावं? तीच फाइल पुन्हा टाकली. एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी तेच होणार ना! संध्याकाळी लॅपटॉप माझ्या टेबलावर आला तेव्हा बघितलं, तर सर्व्हिसेसच्या यादीत अर्ध्या गोष्टी गायब. छपाई सांभाळणारा प्रिंट स्पूलर नाही, म्हणजे प्रिंटर कायमचा मुका. विंडोज अपडेट काढलेलं, स्टोअर काढलेलं, म्हणून मराठी भाषेचा पॅक उतरेना. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर तर मुळापासून उपटलेला. हलकं झालं ते असं, घराच्या भिंती काढल्या की घर हवेशीर होतं तसं. आणि हे कुठे, तर ज्या मशीनवर लोक आधार नंबर आणि अंगठा देतात तिथे. ती फाइल बनवणारा कोण ते माहीत नाही. त्याने काय काढलं ते दिसतं. काय घातलं ते कोण सांगणार? दोन दिवसांच्या वेगासाठी हा धोका घेणाऱ्यांना मी आता समजावतही नाही, सरळ रागावतो.

मूळ गंमत पुढेच आहे. त्याच्या लॅपटॉपबरोबर विंडोज होम सिंगल लँग्वेज पैसे मोजून आलेली होती, आणि तिची की मदरबोर्डच्या बायोसमध्येच लिहिलेली असते. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीकडून विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपमध्ये सहसा असंच असतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवा, तीच एडिशन टाका, नेट जोडा, आपोआप ॲक्टिव्हेट होते. याने टाकलेली लाइटवाली होती प्रो, म्हणून ती ॲक्टिव्हेट होईना, म्हणून वर क्रॅक मारला. आपलंच धान्य कोठीत असताना शेजाऱ्याकडून किडकं उसनं आणावं, तशातली गत.

मूळ विंडोज टाकून मी केलं ते एवढंच: स्टार्टअपमधली फालतू ॲप बंद, लॅपटॉपसोबत आलेला ट्रायलवाला अँटिव्हायरस बाहेर, वनड्राइव्हचं सिंक बंद, क्रोममध्ये मेमरी सेव्हर चालू, आणि बातम्यांच्या साइट्सना दिलेली नोटिफिकेशनची परवानगी काढली. हायबरनेशन (रॅममधलं काम डिस्कवर ठेवून झोपणं) बंद केलं की त्याची फाइल जाते, ती डीफॉल्टला रॅमच्या साधारण ४० टक्के जागा खाते; ६४ जीबीत तेवढंही पुष्कळ. लिनक्स का नाही दिलं? त्याच्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीचं होतं. काम ज्याच्यावर चालतं तीच ओएस, आवडीनिवडी घरच्या मशीनवर.

बाकीच्या चुका भराभर सांगतो, यांच्यावर एवढं बोलायची माझी इच्छा नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा लोक "लॅपटॉप बंद पडणार का?" विचारत आले. बंद पडत नाही. नेहमीचे फुकट सुरक्षा अपडेट थांबतात. पण म्हणून अटी चुकवून जबरदस्तीने विंडोज ११ कोंबू नका. तिला चार जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. सेलेरॉन एन४०२० तिच्या प्रोसेसरच्या यादीत बसतो, एन३३५० बसत नाही. जुन्या कोअर टू ड्युओवर तर ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होणार नाही, तिला लागणारी एक इन्स्ट्रक्शनच त्या प्रोसेसरमध्ये नाही.

२००८ च्या सुमाराच्या ॲटम एन२७० वाल्या नेटबुकवर ६४ बिटची ओएस चालत नाही, प्रोसेसरच ३२ बिटचा, कितीही वेळा पेनड्राइव्ह बनवा. डेबियन या लिनक्सने तर १३ व्या आवृत्तीत ३२ बिटचा इन्स्टॉलरच काढून टाकला. डेबियन १२ घ्या नाहीतर अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिटवाली आवृत्ती, आणि त्यावर यूट्यूबची आशा सोडा, टायपिंगपुरतं वापरा.

याच्या उलट भानगड झेड३७३५एफ वाल्या स्वस्त लॅपटॉपची: प्रोसेसर ६४ बिट, पण यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) ३२ बिट. पेनड्राइव्ह दिसतच नाही आणि माणूस पेनड्राइव्हला शिव्या देत बसतो.

लिनक्स टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेस बघा. अर्धा तास जातो, पण तो घालवायला कुणी तयार नसतं. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर मोबाइलचं यूएसबी टेदरिंग लावून ड्रायव्हर उतरवा. आमच्या गावातून १९४५ साली वनस्पती तेलाचा धंदा सुरू करणाऱ्या विप्रोला कॉम्प्युटरकडे वळायला पस्तीसेक वर्षं लागली. आमच्या पोरांना एका लिनक्सवर तीन दिवस दम निघत नाही. सोमवारी मिंट, बुधवारी झोरिन हे दुसरं लिनक्स, शनिवारी "लिनक्स बेकार आहे."

चार जीबीवर लिनक्स असेल तर झेडरॅम चालू करा, रॅममधलाच डेटा दाबून बसवतो. फेडोरात २०२० पासून ते आपोआप येतं. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही ओएस नुसत्या ब्राउझरवाल्याला चांगली, पण बसवताना ती अख्खी डिस्क पुसते आणि त्यात प्ले स्टोअर नाही. रॅम बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर: नाही. दोन अँटिव्हायरस: नाही, नाही.

अडॅप्टर दुसराच लावला असेल तर आधी तो बदलून पाहा. काही लॅपटॉप अडॅप्टर ओळखला नाही की मुद्दाम वेग खाली आणतात.

मराठीचं आधी विचारा. लिनक्सवर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आयता मिळतो, पण कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फायली फॉन्ट नसला की किडेमुंग्या दाखवतात. सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्याने विंडोज सोडूच नये.

आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट लाइटीवर चालवताना ओएस टाकायला बसू नका. आमच्या खेड्यात लाइट कधी जाईल ते वायरमनलाही ठाऊक नसतं. जुन्या डिस्कवरचा डेटा मी बाहेर काढून घेतो, तरी डिस्क लगेच फॉरमॅट करत नाही. पांढऱ्या टेपवर नाव आणि तारीख लिहून महिनाभर ड्रॉवरमध्ये. लग्नाचे फोटो लोकांना साधारण पंधराव्या दिवशी आठवतात.

मुनीमजी अजून येतात, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, हंगाम सुरू व्हायच्या आत. लुबंटूच आहे त्यावर. मी फक्त सहा स्क्रू काढतो आणि ब्लोअर मारतो.