पथक घेऊन पहिल्यांदाच हाइकला निघताय? मग हे वाचून जा

स्काऊट पथक नवीनच हातात आलं असेल तर पोरं लगेच मागे लागतात, हाइक कधी, हाइक कधी. लवकर न्या, फार लांबवू नका. पण निघायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, हाइक तुम्ही चालवायची नाही, संघनायकांनी, म्हणजे पथकातल्या छोट्या संघांच्या नायक पोरांनी चालवायची, तुम्ही मागून चालायचं. ऐकायला सोपं आहे पण करायला खूप अवघड, कारण पोरं फाट्यावर चुकीच्या वाटेला वळताना समोर दिसतात आणि तरी दोन मिनिटं गप्प बसावं लागतं, आणि त्या दोन मिनिटांतच कुणीतरी नकाशा उलटा करून ओरडतं "अरे थांबा, ओढा तर डावीकडे पाहिजे!" हाइकची खरी मजा इथेच आहे, ती त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

हे काही माझ्या मनाचं नाही. स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला प्रायोगिक कँप घेतला तेव्हाच वीसेक मुलांचे चार संघ पाडले होते, लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा पाणथळ जागेतला पक्षी, आणि प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा होता. संघात सहा ते आठ जणच ठेवा. त्याहून जास्त झाले की मागचे दोघं आपल्याच गप्पांत रमतात आणि नायकाला पत्ताही लागत नाही.

आता तयारी. वाट आधी स्वतः चालून बघा, फोनवरच्या नकाशावर विसंबून पोरांना नेऊ नका. वेळेचा अंदाज बांधायला नाइस्मिथचा जुना नियम आहे, सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाला वर अजून एक तास, पण तो तब्येतीने धडधाकट मोठ्या माणसांसाठी, आपली पोरं दर वळणावर काहीतरी बघायला थांबणार (आणि थांबलीच पाहिजेत), म्हणून मी तरी तासाला 3 किलोमीटरच धरते. पालकांची लेखी परवानगी, कुणाला कसली ऍलर्जी आहे, कुणाचं कुठलं औषध चालू आहे, घरचे फोन नंबर, हे सगळं कागदावर पाहिजे, नुसतं मोबाईलमध्ये नाही. आणि सोबत किमान दोन मोठी माणसं हवीतच, याला काही पर्याय नाही, एकाला जखमी मुलाजवळ थांबावं लागलं तर बाकीच्यांना बघणार कोण?

बॅगा मात्र आदल्या मीटिंगला सगळ्यांसमोर उघडायला लावा. हा कार्यक्रम फारच भारी होतो! एकाकडे टॉर्च दोन आणि सेल एकही नाही, दुसऱ्याने आख्खी उशी कोंबलेली, तिसऱ्याकडे सगळं एकदम व्यवस्थित पण काय कुठे आहे हे फक्त आईला माहीत. म्हणून आमच्याकडे नियमच आहे की आपली बॅग आपण स्वतः भरायची, पाऊस आला की रेनकोट अंधारातसुद्धा हाताला लागला पाहिजे. जड सामान पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या मधल्या उंचीला, पाणी आणि रेनकोट वर. नवे कोरे बूट घालून कुणालाही येऊ देऊ नका, पहिल्याच टप्प्यात फोड येतात.

वाटेत काय करायचं? नुसतं चालायला लावलं तर अर्ध्या तासात "अजून किती राहिलं" सुरू होतं. त्यावर माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे खुणांची वाट. एक संघ एका मोठ्या माणसासोबत वीस मिनिटं आधी सोडायचा, त्यांनी काड्या आणि दगडांनी खुणा मांडत जायचं, बाण म्हणजे इकडे या, फुली म्हणजे ही वाट नाही, आणि गोलाच्या मधोमध दगड म्हणजे आम्ही घरी गेलो, वाट संपली. मागचे संघ शोधत येतात आणि एकदम कुजबुजायला लागतात, ज्या पोराचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातो तोही गुडघ्यावर बसून काडी न्याहाळतो. पहिल्या वेळी खुणा इतक्या लपवल्या जातात की मांडणाऱ्यांनाच त्या सापडत नाहीत, म्हणून आधी सांगून ठेवा, खूण वाटेच्या उजव्या बाजूला आणि फाटा आला की हमखास. झाडाची साल खरवडायची नाही, जिवंत फांदी तोडायची नाही, आणि सगळ्यात मागच्या संघाने खुणा मोडत यायचं, नाहीतर दुसरंच कुणीतरी त्या बघून भलतीकडे जाईल.

होकायंत्र देताना एक बघा, सुई वेड्यासारखी फिरत असेल तर ते बिघडलं असं समजून परत घेऊ नका, जवळपास चाकू, मोबाईल नाहीतर चुंबकाचं बटण असलेलं पाकीट असणार. त्याला दोन पावलं बाजूला उभं करा आणि का झालं ते त्यालाच शोधू द्या, असं शिकलेलं पोरगं विसरत नाही आणि पुढच्या वेळी नवीन मुलांना तोच मोठ्या रुबाबात समजावतो.

शिट्टी प्रत्येकाकडे असू दे पण ती कधी वाजवायची हे ठरलेलं पाहिजे, नाहीतर दिवसभर कान बधिर होतात. आमच्याकडे एक लांब म्हणजे शांत व्हा आणि लक्ष द्या, लागोपाठ छोट्या छोट्या म्हणजे सगळे इकडे या. चुकलात तर चालत राहायचं नाही, जागेवरच थांबायचं आणि मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, मग परत सहा, हा डोंगरातला संकटाचा जुना संकेत आहे आणि उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या येतात. याचा सराव निघण्याआधीच करून घ्या.

दोऱ्या आणि गाठींचं वेगळं लेक्चर नको, काम पडलं की शिकवा. ताडपत्रीची दोरी झाडाला बांधायची वेळ आली की क्लोव्ह हिच, कुणाचा हात मुरगळला असं नाटक करून स्कार्फची झोळी बांधायची वेळ आली की रीफ नॉट, ती सपाट बसते म्हणून टोचत नाही. पण वजन पेलायचं असेल तर दोन दोऱ्या रीफ नॉटने जोडू नका, ती सुटते.

आणि पाऊस आला तर? ताडपत्रीखाली सगळ्यांच्या खिशातल्या वस्तू काढून वीस-पंचवीस मांडा, एक मिनिट बघू द्या, झाका आणि प्रत्येक संघाला यादी लिहू द्या. हाच आपला किम्स गेम. खिशातून काय काय निघतं ते बघूनच अर्धा तास जातो.

परतताना दमल्यावर लक्ष उडतं, तेव्हा मोजणी जोड्यांनी करा, प्रत्येकाने फक्त आपला जोडीदार आहे ना एवढंच बघायचं आणि नायकाला सांगायचं. घरी पोचल्यावर लगेच भाषण नको, सगळ्यांना झोप आलेली असते. पुढच्या मीटिंगला फक्त संघनायकांना घेऊन बसा, काय जमलं काय नाही ते त्यांनाच बोलू द्या, आणि पुढची वाट कुठली ते त्यांनीच ठरवायचं.