पेन ड्राइव्ह नीट कसा काढावा आणि पुन्हा कसा लावावा

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस आले की नागपुरात लॉ कॉलेज चौकापासून अमरावती रोडवरच्या विद्यापीठ कॅम्पसपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत रांगा लागतात. एकाच कॉम्प्युटरला सगळ्यांचे पेन ड्राइव्ह पाळीपाळीने लागतात. मागून कोणी म्हणतं, "भाऊ, लवकर करा ना," आणि पुढचा आपला ड्राइव्ह तसाच उपटून घेतो. बहुतेक वेळा काही होत नाही. पण एखाद्या दिवशी घरी आल्यावर फाइल उघडत नाही, किंवा ड्राइव्ह लावताच कॉम्प्युटर फॉरमॅट करायला सांगतो.

असं का होतं, ते आधी पाहू. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी सगळा डेटा ड्राइव्हवर उतरलेला असेलच असं नाही. थोडा भाग रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत, थांबलेला असू शकतो. लिनक्सवर हे सर्रास होतं. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, 'क्विक रिमूव्हल' ही, डेटा रॅममध्ये न थांबवता लगेच ड्राइव्हवर लिहिणारी, सेटिंग आपोआप लागू असते, म्हणून विंडोजवर धोका कमी झाला आहे. पण फाइल उघडी असेल किंवा लिहिणं चालू असेल, तर ती सेटिंगही वाचवू शकत नाही.

नुकसान फक्त त्याच फाइलचं होतं असंही नाही. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट32 किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. कोणती फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद त्यात एका तक्त्यात असते. तो तक्ता लिहिला जात असतानाच ड्राइव्ह निघाला, तर ज्या फायलींना तुम्ही हातही लावला नव्हता त्यासुद्धा गायब होऊ शकतात. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि कॉपी चालू असताना वीज गेली, तरी हेच होतं. म्हणून मे महिन्यात वादळ-वाऱ्याच्या संध्याकाळी मोठी कॉपी लावूच नका.

विंडोजवर काढताना

1. ड्राइव्हवरून उघडलेल्या सगळ्या फायली बंद करा. नुसतं डॉक्युमेंट नाही, वर्ड किंवा पीडीएफ रीडरही पूर्ण बंद करा. ड्राइव्हचं फोल्डर उघडं असेल तर तेही.

2. उजवीकडे खाली, घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक करा. तिथे पेन ड्राइव्हचं चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक करून आपल्या ड्राइव्हच्या नावासमोरचं 'इजेक्ट' निवडा. चिन्ह दिसत नसेल तर विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा, 'धिस पीसी'मध्ये जा, ड्राइव्हवर राइट क्लिक करा आणि तिथून इजेक्ट करा.

3. 'सेफ टू रिमूव्ह' असा संदेश येईपर्यंत थांबा. ड्राइव्हला दिवा असेल तर त्याची लुकलुक थांबलेली असली पाहिजे. मगच काढा.

दुकानात एकाच वेळी दोन-तीन ड्राइव्ह लागलेले असतात आणि यादीत सगळ्यांची नावं सारखीच दिसतात. घरीच राइट क्लिक करून 'रीनेम'ने आपल्या ड्राइव्हला वेगळं नाव देऊन ठेवा. रोमन लिपीत 11 अक्षरांपर्यंत नाव चालतं. दुसऱ्याचा ड्राइव्ह चुकून इजेक्ट होत नाही, आणि आपला दुकानात विसरला तर ओळखूही येतो.

मॅकवर फाइंडरमध्ये ड्राइव्हच्या नावाशेजारी असलेला बाण दाबायचा. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावरही 'फाइल्स' प्रोग्रॅमच्या डाव्या पट्टीत तसाच बाण असतो.

'डिव्हाइस वापरात आहे' असं आलं तर

जबरदस्ती करू नका. मिनिटभर थांबा, बऱ्याचदा अँटिव्हायरस तपासणी करत असतो. तरीही अडलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि संशय असलेला प्रोग्रॅम बंद करा. नेमकं कोण अडवतंय ते शोधायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीच्या, 'सिस्टम' नोंदींत 225 क्रमांकाची नोंद पाहा, त्यात त्या प्रोग्रॅमचं नाव असतं. काहीच जमलं नाही तर कॉम्प्युटर शटडाउन करून ड्राइव्ह काढा. स्लीपवर टाकून काढणं चालत नाही.

पुन्हा लावताना

इजेक्ट केल्यावर ड्राइव्ह जागेवरच राहू दिला आणि नंतर तोच हवा झाला, तर तो यादीत सापडत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड 47' दिसू शकतो. म्हणजे काढायची तयारी झाली, पण ड्राइव्ह अजून लागलेलाच आहे. बाहेर काढा आणि परत लावा. हात पोचत नसेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट केला तरी चालतं.

लावताना सरळ, एका दमात आत सरकवा. यूएसबी 3 चा ड्राइव्ह फार हळू सरकवला तर कधी कधी तो जुन्या, संथ वेगानेच ओळखला जातो. डेस्कटॉप असेल तर शक्यतो मागचा पोर्ट वापरा, समोरचे पोर्ट वापरून वापरून सैल झालेले असतात. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिक्कीत ड्राइव्ह ठेवला असेल, तर थंड झाल्याशिवाय लावू नका.

लावूनही दिसत नसेल तर आधी दुसरा पोर्ट पाहा. मग विंडोजचं बटण आणि एक्स दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. ड्राइव्ह तिथे आहे पण त्याला अक्षर (E:, F: असं) नाही, असं असेल तर राइट क्लिक करून अक्षर द्या.

'या ड्राइव्हमध्ये अडचण आहे' असा संदेश आला आणि फायली दिसत असतील, तर त्या आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टूल्स'मधून 'चेक' चालवा. फॉरमॅट करायला सांगितलं तर 'कॅन्सल' करा आणि ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरने फायली काढा आणि त्या दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्या उघडून तपासल्यावरच फॉरमॅट करा.