होम स्टुडिओसाठी ऑल-इन-वन रेकॉर्डर घेताय? ट्रॅक नको, आधी इनपुट मोजा

घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हटलं की सगळे एकच सांगतात, लॅपटॉप आहे ना मग एक इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) घे, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाक, झालं. सल्ला चुकीचा नाहीये. पण मी जास्त करून अभंग, भावगीतं आणि ओळखीतल्या गाणाऱ्यांचे ख्याल रेकॉर्ड करतो, तेही फ्लॅटच्या एका बेडरूममध्ये, जिथे तबला, पेटी, गाणारा आणि मी असे सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो असतो. अशा खोलीत लॅपटॉपचा पंखा सुरू झाला की कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही पकडणारा माइक) तो इमानदारीत उचलतो. म्हणून मी पेटारा-टाइप मशीनकडे वळलो, म्हणजे माइक प्रीअँप (माइकचा आवाज मोठा करणारा भाग), मिक्सर, रेकॉर्डर, इफेक्ट सगळं एकातच आणि एसडी कार्डावर रेकॉर्डिंग.

आता नवीन माणूस फसतो कुठे, तर खोक्यावर लिहिलेल्या ट्रॅकच्या आकड्याला. ट्रॅक म्हणजे एकूण किती थर साठवून वाजवता येतील, आणि एका वेळी किती रेकॉर्ड होतील, म्हणजे इनपुट किती, हा पूर्ण वेगळा हिशोब. झूम आर८ आणि टॅस्कॅम डीपी-००८ईएक्स दोन्ही आठ ट्रॅकचे, पण एका वेळी रेकॉर्ड होतात दोनच. एकटा गिटार घेऊन बसणार असाल, आधी गिटार मग आवाज मग दुसरा आवाज असं चढवत जाणार असाल तर दोन भरपूर झाले, उगाच मोठं मशीन घेऊन टेबल अडवू नका. पण आपल्याकडे गाणारा आणि तबलजी एकमेकांकडे बघून समेवर येतात, त्यांना वेगवेगळं रेकॉर्ड केलं की गाण्यातला जीवच जातो राव.

माझा हिशोब असा: तबल्याच्या दायाँला एक, डग्ग्याला एक, पेटीला एक, आवाजाला एक, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची लाइन एक. झाले पाच, आणि भजन असेल तर पखवाजालाही दोन्ही तोंडांना दोन लागतात. म्हणजे आठ इनपुटवालंच मशीन बघायचं. त्यात झूम आर१६, टॅस्कॅम डीपी-२४एसडी किंवा डीपी-३२एसडी येतात, सगळे एका वेळी आठ घेतात. टाळ मात्र मी त्याच वेळी कधीच घेत नाही, खोलीत एक टाळ वाजला की सगळ्या माइकात तोच, मागून हेडफोन लावून वेगळा चढवायचा.

दुसरी गोष्ट फॅण्टम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माइकला मशीनकडून केबलमधूनच मिळणारी वीज. आठ जॅक दिसले म्हणजे आठही ठिकाणी कंडेन्सर चालेल असं नसतं. आर१६ मध्ये ४८ व्होल्ट फक्त पाच आणि सहा नंबरच्या इनपुटला मिळतात. त्यामुळे तिथे आवाज आणि पेटीला कंडेन्सर लावायचे आणि तबल्याला दोन्ही डायनॅमिक माइक (ज्यांना ही वीज लागत नाही), चालतं छान, फक्त माहीत असलं पाहिजे. पेटीचा माइक वरून, जाळीच्या बाजूला ठेवा, भात्याच्या बाजूला नेला की प्रत्येक श्वास ऐकू येतो तिचा.

लेव्हल लावताना एक सांगतो. तबलजीला 'वाजवा जरा' म्हटलं की तो बिचारा सभ्यपणे ठेका वाजवतो, तुम्ही त्यावर गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावता, आणि मग गाण्यात तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) आली की लाल दिवा, म्हणजे आवाज फाटला. मी आता सरळ म्हणतो की शेवटची तिहाई वाजवा, जोरात, आणि ती मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास राहील असा गेन ठेवतो. २४ बिटला रेकॉर्ड करत असाल तर एवढं हळू घेऊन काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतं, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. झूम आर४ सारखी मशीनं ३२ बिट फ्लोटवर (हळू-जोरात दोन्ही आवाज सामावणारा प्रकार) घेतात, तिथे ही धास्ती बरीच कमी, पण इनपुट परत दोनच.

तिसरं, आणि हे दुकानदार सांगत नाही: रेकॉर्डिंग बाहेर कसं काढणार? आर१६ थेट वेव्ह फाइली बनवतो, कार्ड काढा, कॉम्प्युटरला लावा, उचला. टॅस्कॅमच्या डीपीमध्ये कार्डाचे दोन भाग असतात, रेकॉर्डिंग ज्या भागात होतं तो कॉम्प्युटरला दिसतच नाही, आधी मशीनच्या मेनूतून ट्रॅक एक्स्पोर्ट करून दुसऱ्या भागात टाकावे लागतात. बॉसच्या बीआर-८०० ला तर आपला वेगळा फॉरमॅट, वेव्ह करायला त्यांचं कन्व्हर्टर लागतं. मिक्सिंग मशीनवरच करणार असाल तर काही फरक पडत नाही, पण दुसऱ्या कोणाला मिक्सिंगला पाठवणार असाल तर हे आधी बघा. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो, म्हणजे आठ ट्रॅकचा अर्ध्या तासाचा ख्याल दोन जीबीच्या वर जातो.

एडिटिंगची फार अपेक्षा ठेवू नका, छोट्या स्क्रीनवर कट-पेस्ट करणं म्हणजे वैताग. पंच-इन (चुकलेला तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करणं) मात्र मस्त जमतं, फूटस्विच जोडला तर पेटी वाजवता वाजवता स्वतःच पायाने करता येतं.

लाइट जाणाऱ्या गावात राहात असाल तर एए सेलवर चालणारं बघा, आर८ आणि आर१६ दोन्ही चालतात, फक्त फॅण्टम चालू ठेवला की सेल भराभर उतरतात.

सेकंडहँड घेणार असाल, आणि यातली बरीच मॉडेल आता तशीच मिळतात, तर स्वतःचा माइक, केबल आणि हेडफोन घेऊन जा. प्रत्येक इनपुटला माइक लावून बघा, फॅण्टम चालतो का बघा, फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) हळूच वर-खाली करून खरखर ऐका. मग एका वेळी घेता येतील तेवढे ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगसाठी तयार) करून दहा मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि ते तिथेच पूर्ण वाजवून ऐका, विकणारा कितीही घाईत असला तरी.