मूळ पापाची शिकवण कुठून आली हे शोधायचंय? मग या क्रमाने वाचा

मूळ पाप म्हणजे पहिला माणूस आदाम याने देवाची आज्ञा मोडली त्याचा दोष प्रत्येकजण जन्मतःच घेऊन येतो, ही ख्रिस्ती शिकवण. आधी बायबल उघडा, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा 3रा अध्याय, आणि जे ऐकलंय ते बाजूला ठेवून सावकाश वाचा. शाप आहेत, बागेतून हाकलणं आहे, पण मूळ हिब्रूत तिथे ‘पाप’ हा शब्दच नाही, तो पहिल्यांदा येतो 4थ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन याच्या गोष्टीत. आदामाचा दोष पोराबाळांना लागला असंही कुठे म्हटलेलं नाही. लगेच बायबलमधल्याच यहेज्केल या पुस्तकाचा 18वा अध्याय वाचा, तिथे तर सरळच सांगितलंय की बापाच्या अपराधाचा भार मुलावर नाही.

मग प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, 5:12 पासून पुढे. एका माणसामुळे पाप आलं आणि पापामुळे मरण, असं तो म्हणतो. पण जन्मलेलं बाळ दोषी असतं का, हे तो तिथे बोलत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ द्या तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याला (पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी), कारण माझ्या मते शिकवणीला आकार आला तो इथेच. साधारण इ.स. 200 च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन विचारतो की निष्पाप वयाला पापक्षमेची घाई कशाला, आणि पुढे 250 नंतर त्याच शहराचा बिशप सिप्रियन म्हणतो बाळाला बाप्तिस्मा द्याच, त्याला क्षमा मिळते ती स्वतःच्या नाही तर दुसऱ्याच्या पापांची. म्हणजे प्रथा चालू होती आणि कारण नंतर पक्कं होत गेलं. मग येतो ऑगस्टीन, हिप्पोचा बिशप (आजच्या अल्जेरियात), आणि त्याचा पेलॅगियस या ख्रिस्ती शिक्षकाशी वाद. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असेल तर बाळाचं पाप कोणतं, हा त्याचा मुद्दा, आणि 418 च्या कार्थेजच्या परिषदेने त्याचीच बाजू घेतली. पेलॅगियसला खलनायक समजून सोडून देऊ नका हं, देवाने आज्ञा दिल्यात तर माणूस त्या पाळू शकतो हे तो कळकळीने सांगत होता आणि पौलाच्या पत्रांवरचं त्याचं भाष्य आजही वाचता येतं.

शेवटी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेचा मूळ पापावरचा 1546 चा ठराव वाचा आणि शेजारी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचं म्हणणं ठेवा, ते मानतात की आदामाकडून आपल्याकडे मरण आणि दुबळेपणा आला, अपराध नाही. एवढं बघितल्याशिवाय ‘सगळे ख्रिस्ती असंच मानतात’ असं प्लीज कुठे लिहू नका.