मांजर लिटर बॉक्स सोडून भलतीकडेच सू करतंय? पुसायच्या आधी जागा नीट बघा

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाका की मांजर तुमच्यावर खुन्नस काढतंय. दोन दिवस घरी नव्हतो म्हणून गादीवर केलं, ओरडलो म्हणून चपलेत केलं, असं वाटतं खरं, पण मांजराच्या डोक्यात असला हिशोब नसतो. त्याला एकतर दुखतंय, नाहीतर लिटर बॉक्स, म्हणजे त्याचा सू-शी करायचा डबा, नकोसा झालाय, नाहीतर घरात कशाची तरी धास्ती बसलीये. यातलं नेमकं काय, ते बऱ्याचदा त्याने निवडलेल्या जागेवरूनच कळतं, आपण मात्र नाक दाबून पुसायच्या घाईत असतो. तर फडकं हातात घ्यायच्या आधी मोबाईलवर एक फोटो काढा, कुठे, केवढं, साधारण किती वाजता ते लिहून ठेवा, डॉक्टरलाही हे कामाला येतं.

पण घरात बोका असेल तर त्याच्याही आधी हे वाचा. बोका सारखा बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, खालची जागा चाटत बसलाय आणि सू मात्र एक-दोन थेंब किंवा तेवढीही नाही, तर लघवी तुंबलेली असू शकते. बोक्यांचा लघवीचा मार्ग मुळातच अरुंद असतो, त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की तो बंद होतो, मग रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयावर ताण येतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बरेच जण याला बद्धकोष्ठ समजतात आणि घरगुती काहीबाही देत बसतात, त्यातच वेळ जातो. उलट्या सुरू झाल्या, मलूल पडून राहिला म्हणजे पाणी डोक्यावरून चाललंय. रात्र असो की रविवार, लगेच व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर, गाठायचा, सकाळी बघू हे इथे चालत नाही. आणि दुखतंय बिचाऱ्याला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर अजिबात द्यायची नाही, मांजरासाठी ती विष आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

एवढी इमर्जन्सी नसली तरी पहिली चक्कर व्हेटकडेच. इतके दिवस गुपचूप बॉक्समध्ये करणारं मांजर अचानक बाहेर करायला लागलं तर आधी दुखणं आहे का ते बघायचं, लघवीची तपासणी करायची, गरज वाटली तर डॉक्टर सोनोग्राफी किंवा एक्स-रे सांगतील. म्हाताऱ्या मांजरांत किडनी, डायबेटिस, थायरॉइड यातलं काही निघू शकतं, यात पाणीही जास्त प्यायलं जातं आणि सूही भरपूर होते, मग कालपर्यंत पुरणारा बॉक्स आज दुपारीच घाण झालेला असतो. तरुण मांजरांत इन्फेक्शन तसं कमी सापडतं, जास्त करून मूत्राशयाला सूज असते जिचं पक्कं कारण सापडत नाही आणि ताण वाढला की ती परत डोकं वर काढते, त्यामुळे दर वेळी डॉक्टरकडे अँटिबायोटिकच मागायला जाऊ नका. अजून एक, दुखणं गेलं तरी बॉक्समध्ये बसलं की दुखतं हे मांजर विसरत नाही. औषधांचा कोर्स संपूनही ते बॉक्सकडे फिरकत नसेल तर दुसरा बॉक्स आणा, तो दुसऱ्या जागी ठेवा, लिटरही (बॉक्समध्ये पसरतात ती वाळू किंवा दाणे) वेगळं वापरून बघा.

रिपोर्ट नॉर्मल आले? मग आता डिटेक्टिव्हगिरी.

पहिला प्रश्न, ही सू आहे की स्प्रे. शेपटी वर करून, ती थरथरवत, उभ्या उभ्या भिंतीवर नाहीतर पडद्यावर बारीक पिचकारी मारली असेल तर तो स्प्रे, म्हणजे ही माझी हद्द आहे अशी पाटी लावणं. हे माद्यासुद्धा करतात. नसबंदी झालेली नसेल तर आधी ती करा, बहुतेक बोक्यांचं त्याने थांबतं. नसबंदी होऊनही चालूच असेल तर खिडकीबाहेर कुठला परका बोका येऊन बसतोय का ते बघा, दिसला तर त्या खिडकीचा खालचा भाग कागद लावून झाकून टाका, दोघांची नजरानजर थांबली पाहिजे.

उकिडवं बसून जमिनीवर मोठं थारोळं केलं असेल तर ती साधी सू, आणि मग कशावर केलं ते महत्त्वाचं. गादी, पांघरूण, धुवायच्या कपड्यांचा ढीग असं मऊ काही निवडलं असेल तर बहुतेक लिटर पायाला टोचतंय, जाड खड्यांचं किंवा दाण्यांचं लिटर असेल तर बारीक वाळूसारखं, बिनवासाचं, ओलं झालं की गोळे होणारं आणा. बाथरूमची फरशी, सिंक असं गुळगुळीत काही आवडायला लागलं असेल तर एका बॉक्समध्ये अगदी नावापुरतं लिटर टाकून बघा. कुंडीत करत असेल तर त्याला माती हवीये, थोडी माती लिटरमध्ये मिसळा आणि कुंडीत वर मोठे गोटे पसरून ठेवा. बॉक्सला अगदी लागूनच बाहेर करत असेल तर उलट बरंच आहे, जागा त्याला मान्य आहे, फक्त बॉक्स नाही. आणि पार दुसऱ्या खोलीत, सोफ्यामागे कोपऱ्यात करत असेल तर बॉक्सपर्यंत जायचीच भीती वाटत असणार.

शिवाय एकदा लांब बसून त्याला बॉक्समध्ये जाताना बघा, यातून जे कळतं ते दहा लेख वाचून कळत नाही. खूश असलेलं मांजर आत जातं, हुंगतं, उकरून खड्डा करतं, करून झालं की परत उकरून झाकतं. नाखूश मांजर पुढचे दोन पाय बॉक्सच्या काठावरच ठेवतं, लिटरला पाय लागू नये म्हणून कसरत करत कसंबसं उरकतं, झाकायच्या नावाने बाहेरची फरशीच खरवडतं आणि पाय झटकत पळून जातं. असं दिसलं तर आजारपणाचं टेन्शन थोडं बाजूला ठेवा आणि बॉक्सकडे वळा.

दुकानात मिळणारे बरेच बॉक्स लहान असतात हे माझं ठाम मत आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट तरी बॉक्स हवा, म्हणजे आत गोल फिरता येतं. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा आणून एका बाजूने कापला तरी झकास बॉक्स होतो, कड तेवढी घासून घ्या, टोचायला नको. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, त्याच्यासाठी आत जायची बाजू खूप खाली ठेवा. झाकणवाला बॉक्स आपल्याला छान वाटतो कारण घाण दिसत नाही, पण वास आतच कोंडतो आणि तो सहन करायचा मांजराने, एकदा झाकण काढून बघायला काय जातं. लिटरचा थर दोन-तीन इंच पुरे. लॅव्हेंडर, लिंबू असल्या वासाचं लिटर माणसांसाठी बनवतात, मांजराला ते नको असतं. स्कूपने रोज निदान एकदा गोळे काढायचेच, दोनदा काढले तर उत्तम.

जागेचं म्हणाल तर वॉशिंग मशीनशेजारी नको (मशीन स्पिनला लागलं आणि मांजर आत असलं की संपलं), जेवणाच्या वाटीशेजारी नको, आणि जिथून सुटायला एकच वाट आहे असा कोंदट कोपरा नको. हे शेवटचं एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर फारच महत्त्वाचं, कारण एक मांजर बॉक्समध्ये आणि दुसरं दाराशी दबा धरून, हे बऱ्याच घरांत चालू असतं आणि भांडणाचा आवाज होत नाही म्हणून माणसांना पत्ता नसतो. जितकी मांजरं तितके बॉक्स अधिक एक, आणि ते वेगवेगळ्या खोल्यांत, तीन बॉक्स एका रांगेत लावले तर मांजराच्या लेखी तो एकच. एकट्या मांजरालाही दोन दिलेले बरे, काहींना सू एकीकडे आणि शी दुसरीकडे लागते.

आता साफसफाई. सूमधल्या युरिक ॲसिडचे स्फटिक साध्या साबणाने जात नाहीत, आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, मांजराच्या नाकाला तो तिथेच असतो आणि दमट हवेत तर आपल्यालाही परत येतो. त्यासाठी एन्झाइम क्लीनर, म्हणजे सूमधले घटकच मोडून टाकणारा क्लीनर, लागतो, तो नुसता फवारून पुसायचा नाही, चांगला मुरू द्यायचा, गादीत सू जितकी खोल गेली तितका तोही खोल जायला हवा. जुने डाग सापडत नसतील तर अंधार करून यूव्ही टॉर्च मारा. अमोनिया असलेलं काही वापरू नका, त्याचा वास मांजराला सूसारखाच वाटतो. सूवर ब्लीच टाकलं तर विषारी वायू तयार होतो. आणि फिनेल मांजराच्या घरात नकोच, ते पायाला लागून चाटलं जातं आणि फिनॉल पचवायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये नसते.

नाक घासणं, फटका मारणं, पाणी उडवणं यातलं काही करू नका, मांजर यातून एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. मग ते कपाटामागे करेल आणि तुम्हाला आठवड्याने कळेल.

परत वळण लावायला सोपी युक्ती म्हणजे त्याने जी जागा धरलीये तिथेच एक बॉक्स ठेवून देणे. हॉलच्या मधोमध असला तरी असू दे, पाहुण्यांना सांगा काय सांगायचं ते. बॉक्स नीट वापरला जाऊ लागला, आणि काही दिवस एकही घोटाळा नाही झाला, की मग रोज दोन-तीन इंच सरकवत तुम्हाला हव्या त्या जागी न्यायचा. एखाद्या दिवशी परत बाहेर केलं तर आदल्या ठिकाणी मागे आणायचा आणि थोडं थांबून पुन्हा सरकवायचा. लिटर बदलायचं असेल तेव्हाही तसंच, आठ-दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्यायचं.